कोपनहेगन सायकलवरून: शाश्वत शहर नेमकं कुठे दिसतं?

कोपनहेगनची पर्यावरणपूरक वास्तुरचना पाहायला आलेल्या माणसाच्या हातात बहुधा एक यादी असते. कचरा जाळणाऱ्या कारखान्याच्या छतावरचा स्कीचा उतार, आठच्या आकड्यासारखी वळलेली इमारत, बंदरावरचे नवे पूल. यादीत चूक काही नाही. पण मेट्रोने एका इमारतीपाशी उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा भुयारात शिरून दुसरीकडे निघायचं, असं केलं तर इमारती दिसतात आणि शहर राहून जातं. इमारतीचा पर्यावरणावर किती भार पडतो, हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी तिच्या भिंतींच्या बाहेर असतात. तिथे राहणारा माणूस कामाला कसा जातो, हिवाळ्यात घरात ऊब कुठून येते, छतावर पडलेल्या पावसाचं पुढे काय होतं? एखाद्या बंगल्यावर सौर पॅनेल लावली आणि त्याच घरातून रोज दोन गाड्या वीस-वीस किलोमीटर धावल्या, तर त्या पॅनेलांचं कौतुक जरा बेतानंच करावं.

या बाहेरच्या गोष्टी पाहायला सायकलीचा वेग बरोबर पडतो. चालत दिवसभरात एक-दोन वस्त्या होतात, आणि गाडीतून जमिनीचा उतार, कडेची गटारं, गल्लीची तोंडं यांतलं काहीच लक्षात येत नाही. शहर जवळजवळ सपाट आहे. मध्यभागातून दक्षिणेकडच्या अमागर बेटावरच्या नव्या वस्त्या किंवा उत्तरेचं नॉर्डहाउन बंदर, दोन्हीकडे तासाभराच्या आत आरामात पोहोचता येतं. वाऱ्याचा मात्र भरवसा नाही. चढ नसल्याची भरपाई तो करतो.

सुरुवात पायाखालच्या ट्रॅकपासूनच करू, कारण या शहरातली सगळ्यांत परिणामकारक रचना मला तीच वाटते. इथल्या मोठ्या रस्त्याला तीन पातळ्या असतात. मोटारींचा रस्ता सर्वांत खाली, मग काही सेंटिमीटरची दगडी कड आणि तिच्यावर सायकल ट्रॅक, मग आणखी एक कड आणि तिच्यावर फुटपाथ. रंगवलेल्या पट्ट्यावर गाडी सहज चढते, कडेवर चढवताना ड्रायव्हर दोनदा विचार करतो. जिथे पार्किंग असतं तिथे ते ट्रॅक आणि वाहत्या गाड्यांच्या मधल्या जागेत ठेवतात, त्यामुळे उभ्या गाड्यांचा सायकलवाल्याला आडोसाच होतो. अशा ट्रॅकचं जाळं साडेतीनशे किलोमीटरहून मोठं आहे. छोटी गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते ती जागा मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. बऱ्याच ठिकाणी फुटपाथ आणि ट्रॅक तिथे तुटत नाहीत, त्याच उंचीवर पुढे जातात. गल्लीतून येणाऱ्या मोटारीला त्यांच्यावर चढून पलीकडे उतरावं लागतं. कोणी कोणासाठी थांबायचं हे पाटी वाचण्याआधीच कळतं.

नॉरेब्रोगेड हा गजबजलेला रस्ता धरून सकाळी शहराच्या मध्याकडे निघालात आणि ताशी 20 किलोमीटरचा वेग राखलात, तर सिग्नलमागून सिग्नल हिरवे मिळत जातात. सकाळी गर्दी ज्या दिशेने जाते तिला अनुकूल, संध्याकाळी उलट दिशेला, असं सिग्नलांचं वेळापत्रकच बसवलेलं आहे. हाच रस्ता पुढे तळ्यांवरच्या द्रोनिंग लुईसेस पुलावर येतो. त्यावरून दिवसाला हजारो सायकली जातात, आणि पुलाच्या रुंदीतला मोठा वाटा आता सायकली, फुटपाथ आणि बसायच्या जागांना मिळाला आहे.

हे सगळं डॅनिश स्वभावातच आहे, अशी एक समजूत असते. इतिहास तसं सांगत नाही. 1950 आणि 60 च्या दशकांत इथेही मोटारी वाढल्या, चौक गाड्यांनी भरले आणि सायकलींची संख्या घसरली. या तळ्यांच्या काठाने मोठा द्रुतगती मार्ग न्यायची योजनाही होती. स्ट्रॉएट हा बाजाररस्ता 1962 मध्ये गाड्यांना बंद केला तेव्हा दुकानदारांनी विरोध केला होता. यान गेल या वास्तुरचनाकाराने पुढे तिथे माणसं किती वेळ थांबतात, कुठे बसतात, हे मोजायला सुरुवात केली. वाहतूक मोजणारी खाती पुष्कळ होती, थांबणाऱ्या माणसांची मोजणी तेव्हा कोणी करत नव्हतं. 1973 च्या तेलसंकटात इंधन वाचवण्यासाठी रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. सत्तरच्या दशकात द्रुतगती मार्गाची योजना बारगळली आणि दशकाच्या अखेरीस सायकलवाल्यांचे मोठे मोर्चे नगरपालिकेच्या इमारतीसमोर येऊ लागले. आजचं जाळं त्यानंतरच्या काही दशकांत, थोडं थोडं करून घातलेलं आहे.

चालवण्याआधी दोन नियम माहीत हवेत. थांबताना हात खांद्याच्या उंचीला वर करायचा, नाहीतर मागचा येऊन धडकतो आणि चार शब्दही सुनावतो. चौकात डावीकडे वळायचं असेल तर मध्यातून तिरकं जायचं नाही. उजव्या कडेने सरळ पलीकडे जाऊन थांबायचं आणि मग त्या बाजूच्या सिग्नलबरोबर निघायचं. लक्षात ठेवा, इथली वाहतूक उजवीकडून चालते.

आता जरा वरून पाहू. 1947 मध्ये शहरनियोजनकारांनी, त्यांत स्टीन आयलर रासमुसेन आणि पीटर ब्रेड्सडॉर्फ हे प्रमुख होते, कोपनहेगनसाठी एक आराखडा मांडला. पसरलेल्या पंजाचं चित्र हाच त्याचा गाभा. तळहात म्हणजे दाट वस्तीचं जुनं शहर. पाच बोटं म्हणजे उपनगरी रेल्वेच्या पाच दिशा: कोगे, रोस्किले, फ्रेडरिक्सुन, हिलेरोड आणि हेलसिंगोर. शहराने वाढायचं ते या बोटांवरून, बोटांमधल्या जागेत शेती, जंगल आणि मोकळी राने ठेवायची. यामागे साधं गणित आहे. वस्ती चारी दिशांना सारखी पसरली तर कुठल्याच एका मार्गावर पुरेसे प्रवासी मिळत नाहीत. मग गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात आणि लोक मोटारी घेतात. तीच वस्ती रेषेत बसवली की प्रत्येक स्टेशनाला प्रवासी मिळतात, आणि कुठल्याही घरापासून मोकळं रान फार लांब राहत नाही.

हा आराखडा नुसता कागदावर राहिला नाही. आज त्याला कायद्याचा आधार आहे, आणि मोठी कार्यालयं साधारणपणे स्टेशनापासून 600 मीटरच्या आत असावीत असा नियम त्यातूनच आला. सहाशे मीटर म्हणजे चालत सात-आठ मिनिटं. त्याहून लांब कार्यालय गेलं की माणूस स्टेशनाऐवजी पार्किंग शोधू लागतो. उपनगरी गाड्यांत 2010 पासून सायकल फुकट नेता येते, त्यामुळे बोटाच्या टोकापर्यंत रेल्वेने जाऊन दोन बोटांमधल्या हिरव्या पट्ट्यातून सायकलने परत येणं अगदी सोपं आहे. त्या परतीत आराखड्याची एक अडचणही कळते. तळहातातून बोटाकडे जाणं सोपं, पण एका बोटावरून शेजारच्या बोटावर जायचं तर सार्वजनिक वाहतूक फार काळ अपुरी होती. ही आडवी जोडणी करण्यासाठी पुढे बाहेरच्या रिंग रस्त्यालगत लाइट रेलचं, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या रेल्वेचं, काम हाती घ्यावं लागलं.

शहरात परत येताना बंदराच्या कालव्यावर या. दोन्ही काठांवर एके काळी कारखाने आणि गोद्या होत्या, आता घरं आहेत, पण मध्ये पाणी. पूल नसेल तर पलीकडचं घर नकाशावर जवळ आणि प्रत्यक्षात लांब. ब्रिग्गेब्रोएन हा पादचारी आणि सायकलींचा पूल 2006 मध्ये झाला, पण त्याच्या एका टोकाला सायकलवाल्यांना धक्क्यावरच्या गर्दीतून आणि जिन्यांवरून वाट काढावी लागे. म्हणून 2014 मध्ये तिथे सायकलस्लँगेन हा नारिंगी पृष्ठभागाचा, वळणं घेत जाणारा, सव्वादोनशे मीटरच्या आसपास लांबीचा उन्नत मार्ग जोडला. पादचारी खाली, सायकली वर. चुकलेलं काम पाहायचं असेल तर त्याच बंदरावरचा 2016 चा इंडरहाउन पूल पाहा. त्याचे दोन भाग बोटींना वाट देण्यासाठी बाजूला सरकतात, आणि त्या यंत्रणेपायी पुलाच्या मध्यावर सायकलींना आडवी वळणं घ्यावी लागतात. देखणा आहे, पण रोज जाणाऱ्यांची त्यावरून कुरकुर असते आणि ती रास्त आहे.

पाण्याकडे मात्र सावकाश पाहायला हवं.

2 जुलै 2011 रोजी कोपनहेगनवर ढगफुटी झाली. दोन-तीन तासांत शहराच्या काही भागांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. तळघरं भरली, रस्ते बंद झाले आणि विम्याचे दावे अब्जावधी क्रोनरवर गेले. जुन्या शहरात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच वाहिनीतून जातं, हे नुकसानीचं मोठं कारण. वाहिनी भरली की मिश्रण उलटं वर येतं, तळघरात किंवा बंदराच्या पाण्यात. साधा उपाय म्हणजे जाडजूड नवे पाइप. पण ते शेवटच्या रस्त्यापर्यंत घालायचे तर सगळं शहर खणावं लागतं, खर्च अफाट होतो, आणि ते पाइप वर्षातले बहुतेक दिवस रिकामेच राहतात.

2012 च्या ढगफुटी आराखड्याने दुसरा मार्ग धरला. काही मोठे बोगदे ठेवायचे, पण शक्य तितकं पाणी जमिनीवरच सांभाळायचं. त्यातून पुढे सुमारे 300 प्रकल्पांची यादी तयार झाली. काही रस्त्यांना असा उतार द्यायचा की जोराचा पाऊस आल्यावर पाणी घरांकडे न जाता रस्त्याच्या मधून बंदराकडे वाहील. काही रस्त्यांवर पाणी थोपवून धरायचं. बागा आणि चौक गरज पडेल तेव्हा तात्पुरते तलाव होतील असे घडवायचे.

ऑस्टरब्रोमधला तोसिंगे चौक हा यातला गाजलेला नमुना. पूर्वी तिथे बराचसा डांबरी पृष्ठभाग आणि पार्किंग होतं, 2014 पासून खोलगट, दाट झाडीची बाग आहे. उलट्या छत्र्यांसारखी शिल्पं पावसाचं पाणी झेलतात. छपरांवरचं पाणी झाडांकडे सोडलं जातं, रस्त्यावरचं वेगळं हाताळलं जातं. कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि खारं पाणी झाडांना मारतं. अशा बारकाव्यांवरून काम किती विचाराने केलंय ते कळतं. सायकलवरून हा भाग पाहताना कडेच्या दगडांकडे लक्ष ठेवा. मध्येच कड तुटलेली, दगड खाली घेतलेला दिसेल. ती मोडतोड नसते, पाण्याला झाडांच्या वाफ्यात शिरण्यासाठी ठेवलेली वाट असते.

वेस्टरब्रोतलं एंगहेव उद्यान याच्या किती तरी पट मोठं काम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही बाग 2019 मध्ये नव्या रूपात खुली झाली. तिच्यात 22,600 घनमीटर, म्हणजे 2 कोटी लिटरहून अधिक पाणी मावतं. एरवी तिथे मुलं खेळतात. खेळाचं मैदान खोलगट केलेलं आहे आणि बागेभोवतीची बुटकी भिंत बसायच्या कट्ट्यासारखी वापरली जाते. बाग जरा उतारावर असल्याने भिंतीची उंची जागोजाग बदलते, पण माथा एका पातळीत राहतो. ये-जा करायच्या जागी भिंतीत फटी आहेत, आणि पाणी चढलं की तिथली दारं आपोआप वर येतात. तिथे बसणाऱ्या बहुतेकांना आपण धरणाच्या बांधावर बसलोय याची जाणीवही नसेल.

याच प्रश्नाचा गोड भाग बंदरात पाहायला मिळतो. सांडपाण्याचं बंदरात सांडणं टाक्या बांधून आणि वाहिन्या सुधारून कमी केल्यावर 2002 मध्ये आयलंड्स ब्रिग्गे इथे पोहण्याची जागा सुरू झाली. मोठ्या पावसानंतर पाण्याची गुणवत्ता घसरली तर ती बंद ठेवतात. म्हणजे आजचं पाणी स्वच्छ आहे की नाही हे कळायला अहवाल वाचावा लागत नाही, लोक उड्या मारतायत का तेवढं पाहायचं.

उबेची गोष्ट जमिनीखाली आहे, त्यामुळे ती दिसत नाही. कोपनहेगनमधल्या जवळजवळ सगळ्या इमारतींत स्वतंत्र बॉयलर नाही. वीज तयार करणाऱ्या किंवा कचरा जाळणाऱ्या केंद्रांतून गरम पाणी पाइपांनी घरोघर जातं आणि थंड होऊन परत येतं. 1979 च्या उष्णतापुरवठा कायद्याने या व्यवस्थेला देशभर बळ दिलं. फायदा असा की इंधन बदलायचं तर लाखो घरांत जावं लागत नाही, मोजक्या केंद्रांत बदललं की पुरतं.

यातलं एक केंद्र म्हणजे अमागर बाके, कचरा जाळणारा तो प्रसिद्ध कारखाना, 85 मीटर उंच, वास्तुरचनाकार बियार्के इंगेल्स यांच्या कचेरीने रचलेला. कारखाना 2017 मध्ये सुरू झाला, छतावरचा स्की-उतार 2019 मध्ये. सपाट शहरातला हा मनुष्यनिर्मित डोंगर पाहायला नक्की जा, सायकल खाली लावून वर चढा. पण भारावून जाऊ नका. कचरा जाळून ऊब मिळवणं हे तो खड्ड्यात पुरण्यापेक्षा बरं, पुनर्वापरापेक्षा वाईट. एवढी मोठी भट्टी बांधली की तिला सतत खायला लागतं, आणि स्थानिक कचरा कमी पडला तर डेन्मार्क बाहेरून आणतो. 2020 मध्ये सरकारनेच देशातली जाळण्याची क्षमता 30 टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. कोपनहेगनने 2025 पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचं जाहीर केलं होतं. त्याचा मोठा आधार या कारखान्याच्या धुरातला कार्बन पकडण्याच्या योजनेवर होता. तिला सरकारी निधीच्या अटी पुऱ्या करता आल्या नाहीत आणि 2022 मध्ये शहराला ते उद्दिष्ट सोडावं लागलं. स्कीच्या फोटोंखाली ही माहिती क्वचितच असते.

तिथून पूर्वेला अमागरच्या किनाऱ्यावर गेलात की समुद्रात कमानीत उभ्या असलेल्या 20 पवनचक्क्या दिसतात. 2000 च्या सुमारास उभारलेला हा मिडेलग्रुंडेन प्रकल्प 40 मेगावॉटचा आहे. त्यातला अर्धा हिस्सा हजारो सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेचा होता. आजच्या मानाने चक्क्या लहान, पण किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या यंत्रांचे लोकच मालक असले तर विरोध कसा विरघळतो, याचा तो धडा आहे.

मग दक्षिणेला ऑरेस्टॅड ही नवी वस्ती. इथे चौथा प्रश्न येतो: बांधायचं सामान कुठून आलं? नव्या इमारती ऊर्जा कमी खातात, त्यामुळे त्यांच्या आयुष्यभराच्या कार्बनमध्ये सिमेंट, पोलाद आणि विटा तयार करताना निघालेल्या कार्बनचा वाटा मोठा होत चालला आहे. डेन्मार्कने 2023 मध्ये 1,000 चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना यासाठी कमाल मर्यादा घातली. तेव्हा ती दर चौरस मीटरमागे वर्षाला 12 किलो कार्बन डायऑक्साइड होती, 2025 मध्ये ती आणखी कडक झाली. ऑरेस्टॅडच्या दक्षिण भागातल्या 'रिसोर्स रोज' या घरांच्या दर्शनी भिंती नीट पाहा. विटांचे वेगवेगळ्या रंगांचे चौकोन शेजारी शेजारी बसवलेत. जुन्या बांधकामांतल्या विटा चुन्याच्या मालात बसवलेल्या असतात, तो ठोकून काढता येतो. अलीकडच्या सिमेंटच्या मालातून वीट सोडवायला गेलं तर आधी वीटच फुटते. म्हणून वास्तुरचनाकार लेंडागर यांच्या चमूने कार्ल्सबर्गच्या जुन्या ब्रुअरीसारख्या इमारतींच्या भिंतींचे करवतीने थेट मोठे चौकोन कापले आणि ते नव्या भिंतीत बसवले.

बंदरातले जुने सायलोही, म्हणजे माल साठवायची उंच गोल कोठारं, याच हिशेबाने वाचवले गेले. आयलंड्स ब्रिग्गेच्या बियाण्यांच्या दोन सायलोंचं 2005 मध्ये घरांत रूपांतर झालं. काँक्रीटच्या गोल भिंतींना फार खिडक्या पाडता येत नव्हत्या, नाहीतर सायलोच कमकुवत झाले असते. म्हणून घरं बाहेरून टांगली आणि आतल्या पोकळीत जिने आणि लिफ्ट ठेवल्या.

वस्ती म्हणून ऑरेस्टॅड मला तितकंसं पटत नाही. 1992 च्या कायद्याने घडवलेली ही पाच किलोमीटर लांब, सुमारे सहाशे मीटर रुंद पट्टी. सरकारी जमिनीवर मेट्रो न्यायची, मेट्रोमुळे जमिनीचा भाव चढतो, ती विकून मेट्रोचं कर्ज फेडायचं, अशी योजना. मेट्रो 2002 मध्ये धावली. कल्पना हुशार आहे, करदात्यावर कमी बोजा. पण सायकलवरून पाहिलं तर प्रचंड मोठे प्लॉट, एकमेकांपासून दूर उभ्या देखण्या इमारती आणि मधून घोंघावणारा वारा. टोकाशी बियार्के इंगेल्स यांच्याच कचेरीची 'आठ'च्या आकाराची 2010 ची इमारत आहे. तिच्या उतारावरून सायकल थेट वरच्या मजल्यापर्यंत नेता येते. (ती लोकांची घरं आहेत, खिडक्यांत डोकावू नका.) उत्तरेच्या नॉर्डहाउनमध्ये रस्ते अरुंद, चौक लहान आणि दुकानं तळमजल्यावर आहेत, आणि 2020 पासून मेट्रोही आहे. आधीच्या चुका तिथे बऱ्याच दुरुस्त झालेल्या दिसतात.

पैशांचं गणित मात्र तेच राहिलं. मेट्रोचं कर्ज जमिनीतून फेडायचं तर जमीन महाग विकणं सरकारी कंपनीला भाग पडतं. महाग जमिनीवर स्वस्त घरं उभी राहत नाहीत. मग परिचारिका आणि बसचालक बोटांच्या टोकाकडे सरकतात आणि रोजचा प्रवास वाढतो. हेच गणित आता समुद्रात नेलं गेलं आहे. बंदराच्या तोंडाशी भराव घालून लिनेटेहोम हे बेट उभारायला संसदेने 2021 मध्ये मंजुरी दिली. पूरसंरक्षण, नवी घरं आणि जमीनविक्रीतून पैसा, अशी तिन्ही कारणं पुढे केली गेली. विरोधकांचे मुद्दे असे: भरावाच्या मातीचे ट्रक शहरातून जाणार, समुद्रतळाचा गाळ दुसरीकडे टाकावा लागणार, आणि पूर अडवायला वस्तीचं बेट कशाला, बांध पुरेसा नाही का? गाळ कोगेच्या उपसागरात टाकण्यावरून स्वीडननेही हरकत घेतली. बेटाचं काम सुरू आहे आणि वादही संपलेला नाही.